बॉनेटवर नसलेली फिल्म

फेब्रुवारीतली सकाळ होती. पुढे रस्त्यावर मीठ आणि बारीक खडी पसरणारा ट्रक चालला होता आणि मी त्याच्या मागे, ठेवायला हवं तेवढं अंतर न ठेवता. एक खडा उडाला आणि टच्चकन बॉनेटवर बसला. शेजारी बसलेला नवरा दचकला. मी मात्र ऐटीत म्हणाले, "फिल्म आहे वर. काही होत नाही." फिल्म म्हणजे रंगाला टवके उडू नयेत म्हणून गाडीवर चिकटवतात तो जाडसर पारदर्शक थर.

घरी येऊन पाहिलं तर लाल रंगाचा टवका उडालेला. टाचणीच्या डोक्यापेक्षा जरासा मोठा. कडेला राखाडी प्रायमर आणि बरोबर मधोमध चकचकीत पत्रा. फिल्म असती तर आधी ती फाटली असती, निदान दबली तरी असती. मी वाकून बघितलं, बोट फिरवलं. फाटलेली फिल्म कुठेच नव्हती. मुळात फिल्मच नव्हती, हे लक्षात यायला मला आणखी आठ दिवस लागले.

हे लिहितेय ते दुसऱ्या कुणाचे आठ दिवस वाचावेत म्हणून. पैशाचं सांगायचं तर एवढंच, की त्यात गाडीचे चारही टायर नवे आले असते आणि वर बरंच काही उरलं असतं.

गाडी नवी होती. आम्ही राहतो तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ असतं. पहिल्या गाडीच्या दारांच्या खालच्या कडा गंजून पोपडे निघाले होते, तेव्हा या वेळी आधीच काळजी घ्यायची ठरवलं. ज्या दुकानात गेले तिथल्या माणसाने मला एक पत्र्याचा तुकडा हातात दिला. अर्ध्या भागावर फिल्म, अर्धा उघडा. त्याने त्यावर मूठभर खडी जोरात मारली. उघड्या भागावर टवके उडाले, फिल्मच्या भागावर ओरखडासुद्धा नाही. मी स्वतः नखाने दाबून पाहिलं, जाड आणि किंचित मऊ लागत होतं. मग त्याने दुसऱ्या एका पॅनेलवर लायटरची ज्योत धरली, मार्करने रेघोट्या मारून पुसून दाखवल्या, पाणी ओतलं. पाण्याचे टपोरे थेंब घरंगळून गेले. "हा नाईन एच आहे मॅडम. हिरा दहा, हा नऊ."

इथेच पहिली मेख होती. खडी मारली ती फिल्मवर आणि पाणी ओतलं ते सिरॅमिक कोटिंगवर, म्हणजे रंगावर द्रव पुसून बसवतात त्या अगदी पातळ, कडक थरावर. दोन वेगळ्या वस्तू, पण बोलताना तो दोन्हींना "प्रोटेक्शन" म्हणत होता आणि माझ्या डोक्यात त्यांची एकच वस्तू झाली.

आता कळतं ते सांगते. गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, म्हणजे अगदी खालचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी. पेंट प्रोटेक्शन फिल्म मात्र 150 ते 200 मायक्रॉन, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. कोटिंगमुळे घाण लवकर चिकटत नाही, धुणं सोपं होतं, मिठाचे डाग सहज निघतात. त्याचा तो उपयोग खरा आहे, मी नाकारत नाही. पण खडा अडवायला ते नसतं. आणि ते "नाईन एच" म्हणजे पेन्सिलची मोजपट्टी. ठरावीक कडकपणाची पेन्सिल ठरावीक दाबाने ओढायची आणि ओरखडा उठतो का ते पाहायचं. नऊ एच ही त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. हिऱ्याचा दहा आकडा खनिजांच्या कडकपणाच्या वेगळ्याच मोजपट्टीवरचा. दोन पट्ट्यांवरचे आकडे शेजारी ठेवले की भोळ्या माणसाला कोटिंग जवळजवळ हिरा वाटतं. मला वाटलं.

शिवाय खडा काही ओरखडत नाही, तो आदळतो. त्याच्यासमोर कडकपणा काय कामाचा? तिथे मार पोटात घेणारा मऊ, ताणला जाणारा थर लागतो. फिल्म चालते ती त्यामुळेच. आणि ज्योतीची ती गंमत तर उघड्या रंगावरही जमते, कारण क्षणभराची आंच खालचा पत्रा पटकन शोषून घेतो.

गाडी घ्यायला गेले तेव्हा बॉनेट आरशासारखं लखलखत होतं. मी फिल्मची कड शोधायला बॉनेटच्या काठावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. "कड कुठे आहे?" मी विचारलं. तो हसला. "हीच तर कारागिरी मॅडम. कड आत वळवलीय. फिल्म दिसली तर ती फिल्म कसली!"

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात. मी तर न दिसण्यावरच फसले, आणि वर चार जणांना बोलावून दाखवलं की बघा, दिसतसुद्धा नाही!

त्याच बैठकीत त्याने मला आणखी दोन गोष्टी विकल्या. गाडीच्या पोटाला काळं रबरी अंडरकोटिंग आणि बॅटरीला जोडायची एक हिरव्या दिव्याची डबी. डबी म्हणे पत्र्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडते आणि गंज धरतच नाही. जहाजांना हेच तंत्र वापरतात, असं त्याने सांगितलं. जहाजांचं खरं आहे, पण जहाज पाण्यात बुडालेलं असतं. पाण्यातून प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण होतं, म्हणून तिथे ते चालतं. जमिनीत पुरलेल्या नळांनाही चालतं. हवेत उभ्या असलेल्या गाडीभोवती असलं वर्तुळ पूर्ण करणारं काही नसतं. डबीचा दिवा मात्र इमानाने लुकलुकत राहतो.

टवका उडाल्यावर मी दुकानात नाही गेले, ते बरं केलं. एका जुन्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेले, टवक्यात रंग भरून घ्यायला. त्यांना म्हटलं, "फिल्मच्या खालून कसा उडाला कोण जाणे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॉनेटकडे, आणि न बोलता आतून एक छोटं यंत्र आणलं. रंगाची जाडी मोजायचं. आधी त्यांनी ते छतावर टेकवलं, कारण छतावर फिल्म लावलीच नव्हती. 114. मग बॉनेटवर. 109, 117, 112. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, वरच्या भागावर 116.

"फिल्म असती तर इथे तीनशेच्या आसपास आकडा आला असता," ते म्हणाले. पुन्हा एकदा टेकवलं, मला स्वतःला वाचायला लावलं. 113. मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि माझा हात धरूनच काठाच्या आतल्या बाजूला नेला. "कड आत वळवली तर ती इथे संपायला हवी. लागतेय काही हाताला?" काही लागत नव्हतं. सहा महिने गाडी वापरली आणि मी त्या काठाखाली एकदाही हात घातला नव्हता.

फिल्म अगदीच नव्हती असं नाही. बंपरवर, आरशांच्या पाठीवर आणि चाकांच्या वरच्या कमानीवर पट्ट्या होत्या. पण त्या थंडीने ताठरल्या होत्या आणि टोकाशी वळत होत्या. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, ओढली की ताणते आणि सोडली की हळूहळू मूळ आकाराला येते. ही ओढली तर पांढुरकी पडली आणि तशीच राहिली. त्यांनी तिचा एक तुकडा अंगणात नेला, तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, फिल्मला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, क्लोरीन म्हणजे पीव्हीसी. (घरात करू नका हे, धूर विषारी असतो.) पीव्हीसी स्वस्त असतं, काही काळाने पिवळं पडतं, आकसतं, आणि काढताना तुकडे पडून गोंद मागे राहतो.

सगळ्यात वाईट दिसलं ते चाकाच्या कमानीवर. पट्टी गाडीवरच ठेवून ब्लेडने कापली होती आणि ब्लेड क्लिअर कोट चिरून पार पत्र्यापर्यंत गेलं होतं. त्या चिरेत तांबूस रेघ दिसत होती, दोऱ्यासारखी. पैसे देऊन मी गाडीला गंजायला वाट करून घेतली होती. नीट काम करणारे संगणकावर त्या मॉडेलचा साचा काढून फिल्म आधीच कापून आणतात, आणि हाताने कापायचीच वेळ आली तर रंगावर ब्लेड टेकत नाहीत.

अंडरकोटिंगचं पाप वेगळंच निघालं. काही दिवसांपासून ब्रेक मारला की मागच्या दारातून खळखळ असा आवाज येत होता आणि मी तो डिकीतल्या बाटलीचा समजत होते. दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. रबरी थर फासताना ती सगळी बुजवली होती. त्यांनी लाकडी काडीने एक भोक मोकळं केलं आणि धार लागली, गढूळ, खारट वासाची. मिठाचं पाणी दारात साठवून मी महिनाभर फिरत होते. शिवाय तो थर न धुतलेल्या पोटावरच फासलेला, त्यामुळे एका जागी बोटाने ओढला तर सालीसारखा निघाला आणि खाली ओल.

दुकानात गेले. मालकाने बिल समोर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, "पेंट प्रोटेक्शन पॅकेज, फुल फ्रंट". फिल्म हा शब्द कुठेही नाही. "कोटिंग हेही प्रोटेक्शनच असतं मॅडम." वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात दगडाचा मार आणि रस्त्यावरचं मीठ, दोन्ही वगळलेलं. म्हणजे मी ज्या दोन गोष्टींसाठी गेले होते, नेमक्या त्याच. शिवाय दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून तपासणी केली नाही तर उरलेली वॉरंटीही रद्द.

मला तारलं ते एका मेसेजने. गाडी द्यायच्या आधी मी सहज विचारलं होतं की नक्की कुठे कुठे फिल्म लागणार, आणि विक्रेत्याने उत्तर लिहिलं होतं, "बॉनेट, दोन्ही फेंडर, बंपर, आरसे, सगळीकडे पूर्ण फिल्म." तो मेसेज, जाडीच्या आकड्यांचे फोटो आणि रंगवाल्यांचं सहीचं पत्र जोडून मी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. अशा तक्रारीला मुदत असते आणि माझी जवळजवळ संपत आली होती. काही रक्कम परत आली. सगळी नाही. अंडरकोटिंगचं काहीच मिळालं नाही, कारण ते "केलेलं" होतं.

नंतर दुसरीकडे फिल्म लावून घेतली, पण या वेळी मी त्या माणसाला नकोशी झाले असणार. बिलावर फिल्मचं नाव, जाडी आणि एकेक भाग लिहून घेतला. रोलच्या खोक्यावरचा नंबर माझ्यासमोर वाचून घेतला आणि वॉरंटी दुकानाची नव्हे, फिल्म बनवणाऱ्याची आहे का ते आधीच पाहिलं. लावण्याआधी आणि नंतर त्याच पाच जागी जाडी मोजायला लावली. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे तिथे साधं यंत्र चालत नाही, तिथे कड हाताने चाचपली. जिथे नव्याने रंग भरला होता, तिथे महिनाभर थांबून मगच फिल्म लावली, कारण ताज्या रंगातले वायू बाहेर पडायला वेळ लागतो, नाहीतर खाली फुगे धरतात. फिल्म "आपोआप बरी होते" हे खरं असलं तरी ते गरम पाण्याने बारीक ओरखडे जिरण्यापुरतं. खड्याने पडलेलं भोक तसंच राहतं, हे त्या माणसाने स्वतःहून सांगितलं आणि तेव्हाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

बाकी मिठाचा इलाज पाणीच. थंडी जरा ओसरली की पोटाखालून फवारा मारून धुते. उबदार गॅरेजमध्ये मिठाने माखलेली गाडी तशीच ठेवत नाही, कारण बाहेर गोठलेलं खारं पाणी आत वितळतं आणि उबेत गंज जोरात चढतो. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडचे द्रव फवारतात ते तर हवेतली ओल ओढून घेतात, लवकर सुकतच नाहीत. नवा टवका दिसला तर तो आठवड्याच्या आत साफ करून, आधी प्रायमर, मग रंग, टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब भरते. आणि मीठ पसरणाऱ्या ट्रकच्या मागे आता मी इतकी लांब असते की मागचे लोक हॉर्न वाजवतात.

नव्या फिल्मची कड बॉनेटच्या काठापासून मिलिमीटरभर अलीकडे थांबते. हिवाळ्यात त्या कडेला धूळ बसते आणि बारीक काळी रेघ दिसते. परवा शेजारीण गाडीपाशी थांबली, रेघेवर बोट ठेवलं आणि हळहळून म्हणाली, "अगं, ही तर कड दिसतेय. या वेळीही फसवलं वाटतं तुला."