ट्रकवर कट-रेझिस्टंट हातमोजे: शिमग्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

चिपळुणात आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. हंगामात आंबा, एरवी जांभा चिरा, लोटे एमआयडीसीतले ड्रम आणि परतीला मिळेल तो माल. शिमग्याला ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल सगळ्यांसाठी नायट्राइल (रबरासारख्या) कोटिंगचे, कापण्यापासून बचावाच्या डी लेव्हलचे मोजे घेतले.

कापण्यापासून वाचवतात का? हो, पैसे वसूल. पॅकिंगच्या पत्र्याच्या पट्टीवर कटर मारला की टोक उसळून हातावर येतं. पूर्वी टाके पडायचे, आता कोटिंगवर रेघ उठते. चिऱ्याच्या कडांनी तळवे सोलवटणंही थांबलं.

घेताना मागचा शिक्का वाचा. हातोड्याचं चित्र, ईएन ३८८ (हातमोज्यांचं युरोपीय मानक) आणि खाली ४एक्स४३डी असं काहीतरी असतं. दुसऱ्या जागी एक्स असेल तर बिचकू नका, जुनी गोल पात्याची चाचणी केलेली नाही एवढंच. कापण्यासाठी आकड्यांनंतरचं अक्षर बघायचं: ए सर्वांत कमी, एफ सर्वांत जास्त, डी म्हणजे पात्याचा किमान १५ न्यूटन जोर सोसणारा. चौथा आकडा टोचण्याचा, त्यावर फार विसंबू नका. चाचणीतली सळई जाड असते आणि आंब्याच्या लाकडी पेटीचा खिळा बारीक. तो विणीतून सरळ आत येतो.

पावसाळ्यात तळव्याची पकड उत्तम, तेलकट ड्रमवरसुद्धा. पण मागची बाजू विणलेली, त्यामुळे दिवसभर हात ओला राहतो आणि बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. माणशी दोन जोड ठेवा. वाळवायला सायलेन्सरवर टाकू नका, हा धागा प्लास्टिकचाच भाऊ, उष्णतेनं आकसतो. म्हणूनच कुंभार्ली घाट उतरल्यावर तापलेल्या ब्रेक ड्रमला हे मोजे घालून हात लावायचा नाही. त्यासाठी चामड्याचे वेगळे.

आता जिथे हे मोजे काहीच करत नाहीत ते सांगतो, कारण आमच्या लाइनीत मी पाहिलेली मोठी दुखापत कापण्याची नाही, चेंगरण्याची आहे. घाटात माल मागे सरकलेला असतो. कडी काढली की फाळका, म्हणजे ट्रकचं मागचं दार, त्या दाबानं धाडकन खाली येतो आणि बोट बॉडीत सापडतं. भरलेला २०० लिटरचा ड्रम लोळवताना दोन ड्रमांच्या कडांमध्ये बोट आलं की तेच. शिक्क्यात शेवटी पी असलेले मोजे आघाताचे, पण ती चाचणी बोटांवर होतच नाही. आम्ही कडीला दोरी बांधली, बाजूला उभं राहून ओढायची. खर्च जवळजवळ शून्य. माझ्या मते मोज्यांहून जास्त बोटं या दोरीनं वाचतील.

अंगठीचंही तसंच. हौद्यातून उडी मारताना ती हुकात अडकली तर कातड्यासकट बोट सोलून निघतं, वर मोजा असला तरी. आमचे एक जुने ड्रायव्हर पोवळ्याची अंगठी उतरवायला तयार नव्हते. “काका, पोवळं पाकिटात ठेवलं तरी मंगळ बघतोच की,” म्हटल्यावर हसले आणि काढली. आणि इंजिन चालू असताना फॅन बेल्टजवळ मोजे काढूनच हात घालायचा. मोजा अडकला तर हातालाही ओढून नेतो.

एवढं करूनही बोट तुटलंच तर? ते स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, बंद पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. मिरकरवाड्याच्या मासळीच्या गाड्यांवर बर्फ हाताशी असतो, म्हणून थेट बर्फात खुपसायचा मोह होतो. तसं केल्यास पेशी गोठतात आणि जोडायला काही उरत नाही. आमच्या प्रत्येक केबिनमध्ये आता गॉज आणि पिशव्या असतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरलं होतं, तर्जनीला १४. अंगठ्याशिवाय चिरा उचलून दाखवा, मग टक्के बोलू.

टिकाऊपणा कामावर अवलंबून. ड्रायव्हरचे जोड अजून चालू आहेत, चिरेवाल्यांचे बोटांच्या टोकाला लवकर फाटतात. माप हाताचंच घ्या, सैल मोजा कडीत अडकतो. पुढची ऑर्डर दिली आहे: डीच, पण चिरेवाल्यांसाठी लांब मनगटाचे.