झडपेचा पोहरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

विहिरीतून पाणी शेंदण्यासाठी बुडाला झडप असलेला, नळकांड्याच्या आकाराचा पत्र्याचा पोहरा मी आठ महिन्यांपूर्वी घेतला आणि तेव्हापासून तो रोज, सकाळी पंधरा खेपा आणि संध्याकाळी त्याच्या निम्म्या, अशा हिशेबाने वापरात आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण अशा बांधणीचे पोहरे अनेक जण तयार करतात आणि मला आढळलेले गुणदोष बहुतांशी त्या बांधणीचे आहेत, एखाद्या कारखान्याचे नव्हेत. पोहरा पाण्यात बुडवण्याचा प्रश्न या रचनेने उत्तम सोडवला आहे. तो काठावर आणून रिकामा करायचा असतो, हे मात्र रचनाकाराच्या ध्यानात उशिरा आले असावे.

प्रथम मापे. पोहऱ्याचा व्यास १६ सेंटिमीटर, उंची ५० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरला तर दहा लिटर पाणी मावते. रिकाम्या पोहऱ्याचे वजन २ किलो ३०० ग्रॅम भरले. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे, वर दोन कानांत अडकवलेली जाड सळईची कडी आहे आणि बुडाच्या मध्यभागी ७ सेंटिमीटर व्यासाचे भोक असून त्यावर आतल्या बाजूने रबरी वॉशर लावलेली चकती बसते. चकतीला खालून एक दांडी आहे, ती बुडाच्या खाली सुमारे तीन सेंटिमीटर बाहेर येते. या दांडीविषयी पुढे बरेच सांगायचे आहे.

ज्यांनी साध्या पोहऱ्याने पाणी शेंदले आहे त्यांना त्याची मुख्य अडचण सांगावी लागणार नाही. दोर सोडला की पोहरा पाण्यावर होडीसारखा तरंगत राहतो. आमचा जुना पोहरा दीड किलोच्या आतबाहेर वजनाचा आहे, त्यामुळे स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारले की त्याचे बुडणे संपते. तो जेमतेम पाच सेंटिमीटर पाण्यात जातो आणि तोंड वर करून स्वस्थ बसतो. मग वरून दोराला आडवा हिसका देऊन तो कलंडवावा लागतो, आणि कलंडताना कडी नेमकी ज्या बाजूला पडली असेल त्यावर तो एका हिसक्यात भरतो की चार हिसक्यांत, हे ठरते. प्लास्टिकच्या बादलीने तर शेंदण्याचा विचारच करू नये, कारण त्या प्लास्टिकची घनता पाण्याहून कमी असते आणि बादली अर्धी भरूनही आडवी लोळत राहते. यावर जुना उपाय असा की पोहऱ्याच्या ओठाला एकाच बाजूने लोखंडाचे कडे किंवा जाड तारेचे वेटोळे बांधावे. एक बाजू जड झाली की पोहरा पाण्याला टेकताच आपोआप तिकडे झुकतो. उपाय स्वस्त आणि चांगला आहे, मात्र भरलेला पोहरा वर येतानाही त्याच बाजूला किंचित तिरपा राहतो आणि वाटेत पाणी सांडतो.

झडपेच्या पोहऱ्यात हा सगळा खटाटोप नाही. तो सरळ उभा खाली जातो, पाण्याला टेकताच चकती पाण्याच्या रेट्याने वर उचलली जाते, पाणी बुडातून आत शिरते आणि पोहरा स्वतःच्या वजनाने खाली जात राहतो. मी अनेकदा मोजून पाहिले आहे, तीन ते चार सेकंदांत तोंड पाण्याखाली जाते. वर ओढायला लागले की आतल्या पाण्याचे वजन चकतीवर येते आणि भोक बंद होते. हिसका नाही, वाकून पाहणे नाही, अंधारातही हाताला कळते की पोहरा भरला. पहाटेच्या वेळी, कठड्यावरून वाकून खाली न पाहता पाणी काढता येणे ही सोय लहान वाटेल. ओल्या कठड्यावर पाय ठेवून वाकण्याचा अनुभव असलेल्याला ती लहान वाटणार नाही.

वर येण्याचा प्रवासही या आकाराला मानवतो. आमच्याकडे पाणी काठापासून साधारण ११ मीटर खाली आहे आणि विहीर फार रुंद नाही. जुना, पसरट तोंडाचा पोहरा वाटेत दोन-तीनदा तरी दगडी बांधकामावर आदळतो आणि आठ लिटरांपैकी सातच वर येतात. हे अरुंद नळकांडे भिंतीपासून दूर राहते, तोंड लहान असल्याने पाणी हिंदकळून सांडत नाही आणि दहाच्या दहा लिटर काठावर पोहोचतात. दीडशे लिटर पाण्यासाठी पूर्वी एकवीस-बावीस खेपा होत असत, त्या आता पंधरा होतात. पोहऱ्याचे फुकट ओढावे लागणारे वजन वाढले आहे हे खरे, पण दर लिटरमागे हिशेब केला तर दोन्हींत फारसा फरक पडत नाही.

मात्र खेपा कमी झाल्या म्हणून कष्ट कमी झाले असे कोणी समजू नये. दहा लिटर पाणी, पोहरा आणि भिजलेला दोर मिळून तेरा किलोंच्या वर ओझे होते, आणि एकच स्थिर कप्पी ओझे हलके करीत नाही, केवळ ओढण्याची दिशा बदलते. उलट तिच्या आसातील घर्षणाची भर पडते. मला हे ओझे झेपते. घरातील वयस्कर माणसांनी दोन दिवसांत हा पोहरा नाकारला, आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. ज्यांच्याकडे हाताने फिरवायचा रहाट आहे, त्यांची गोष्ट वेगळी: मुठीचे आसापासूनचे अंतर रुळाच्या त्रिज्येच्या तिप्पट असेल तर हाताला ओझे सुमारे एक तृतीयांश लागते, अर्थात हाताला अंतरही तिप्पट फिरावे लागते.

दोराच्या बाबतीत एक उणीव लवकरच ध्यानात आली. पीळ दिलेला दोर भार आला की उलगडू पाहतो आणि खाली टांगलेला पोहरा गरगर फिरू लागतो. रिकामा खाली जाताना तो उलटा फिरतो. रोजच्या वीस-बावीस खेपांत दोरावर गुंते आणि वळसे पडू लागतात, ते कप्पीच्या खाचेत अडकतात. कडी आणि दोर यांच्यामध्ये एक फिरती कडी असती तर हे टळले असते. मी ती नंतर वेगळी आणून बसवली आणि तक्रार संपली. इतकी किरकोळ वस्तू पोहऱ्याबरोबरच का देऊ नये, हे मला समजले नाही. सळईच्या मध्यभागी दोर बसण्यासाठी पाडलेली खाच मात्र व्यवस्थित आहे, दोर एका बाजूला सरकत नाही.

आता झडपेविषयी. नवी असताना ती उत्तम बसत होती. अकरा मीटर वर येईपर्यंत पेलाभरही पाणी गळत नव्हते. दोन महिन्यांनी उन्हाळा चढला, पाणी खाली गेले आणि तळापासून हातभरच उरले. येथे या रचनेचा खरा दोष उघड झाला. हा पोहरा बुडातून भरतो, म्हणजे पाणी जितके खोल तितकाच तो भरणार. शिवाय त्याचे भोक नेमके तळाच्या गाळाजवळ जाते. साधा पोहरा उथळ पाण्यात आडवा पडून वरचे, तुलनेने स्वच्छ पाणी घेतो, तर हा खालची वाळू ढवळून आत घेतो. वाळूचा एक कण वॉशर आणि भोकाची कड यांच्यात अडकला की झडप एका बाजूने उचललेली राहते. अशा वेळी मी पाणी मोजले, तेव्हा काठावर येईपर्यंत दोन लिटर गळून गेलेले होते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडातही होते आणि पोहऱ्यातही होते, केवळ वर येत नव्हते.

याचे कारण झडपेच्या बैठकीत आहे. भरलेल्या पोहऱ्यात पन्नास सेंटिमीटर पाण्याचा भार त्या सात सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर जवळजवळ दोन किलो इतका येतो, आणि हा भार झडप घट्ट बसवण्यास पुरेसा आहे, जर तो अरुंद कडेवर एकवटला तर. येथे भोकाभोवतीची बैठक सपाट आणि बोटभर रुंद ठेवली आहे, त्यामुळे भार पसरतो आणि शिवाय कण अडकायला ऐसपैस जागा मिळते. वॉशरही कडक रबराचा आहे. भोकाची कड थोडी वर वळवून पातळ ओठासारखी केली असती आणि वॉशर मऊ दिला असता, तर बारीक कण रबरात रुतून झडप तरीही बंद झाली असती. बिजागरीची झडप न देता मधोमध दांडीवर सरळ वरखाली होणारी चकती दिली, हे मात्र शहाणपणाचे आहे, कारण बिजागरी गंजली की झडप तिरपी बसते आणि मग ती कोणत्याच उपायाने सरळ होत नाही.

त्या दांडीचा दुसरा उपयोग सूचनापत्रात मोठ्या अभिमानाने दिला आहे. भरलेला पोहरा भांड्यावर धरून खाली टेकवला की दांडी दाबली जाते, झडप उघडते आणि पाणी आपोआप भांड्यात उतरते. मी हे वाचले होते, आणि तरीही पहिल्या दिवशी पहिलाच पोहरा वर आल्यावर हात बदलण्यासाठी तो सवयीने कठड्यावर टेकवला. दांडी दाबली गेली, बुडाखालून चहूबाजूंनी पाणी उसळले, काही विहिरीत परत गेले, उरलेले माझ्या पायांवर आले, आणि मी दोर सांभाळत उभा असताना हातातील वजन चमत्कारिक रीतीने हलके होत गेले. जुन्या सवयीच्या माणसाला हे होणारच. कठड्यावर क्षणभर टेकवणे ही पाणी शेंदणाऱ्याची चैन नसून गरज आहे, कारण त्याच क्षणी एक हात दोरावरून काढून कडीवर न्यायचा असतो.

ज्या कामासाठी ही युक्ती योजली आहे, ते तरी ती नीट करते का? रुंद टबात किंवा हौदात करते, फार छान करते. दोन-तीन सेकंदांत पोहरा रिकामा होतो आणि उचलून ओतावा लागत नाही. घागरीसारख्या अरुंद तोंडाच्या भांड्यात मात्र करीत नाही, कारण पाणी सरळ धारेने न पडता चकतीच्या कडेने छत्रीसारखे पसरून बाहेर येते. मग तोंडाकडून ओतावे, तर पन्नास सेंटिमीटर लांबीचे जड नळकांडे एका हाताने कडीशी आणि दुसऱ्याने बुडाशी धरून कलते करणे म्हणजे कसरत होते, आणि ओठाला चोच नसल्याने धार कोठे जाईल याचा नेम नसतो. चामड्याच्या मोटेला सोंड असे आणि त्या सोंडेला दुसरा बारीक दोर असे. वर येईपर्यंत सोंड वर ओढलेली राही आणि काठावर आल्यावरच ती सैल सुटून पाणी सांडे. टेकणे आणि रिकामे होणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवण्याची समज त्या जुन्या रचनेत होती. येथे बुडाखाली दांडीहून थोडी उंच अशी गोल कड दिली असती आणि झडप उघडण्यासाठी वर कडीपर्यंत एक तार आणली असती, तरी काम झाले असते.

आणखी एक गोष्ट विकत घेण्यापूर्वी टेप घेऊन मोजावी. आमची कप्पी कठड्यापासून ८० सेंटिमीटर उंच होती. पोहरा ५०, त्यावर उभी राहिलेली कडी १८ आणि दोराची गाठ १०, अशी बेरीज ७८ झाली; म्हणजे गाठ कप्पीला भिडली तरी पोहऱ्याचे बूड कठड्याच्या जेमतेम वर येई आणि तो अलीकडे ओढून घेण्यास जागाच उरत नसे. मला कप्पीची चौकट ३० सेंटिमीटर उंच करून घ्यावी लागली. हा खर्च आणि खटाटोप पोहऱ्याच्या माहितीत कोठेही सांगितलेला नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. पत्र्यावरचा मुलामा ठीक आहे, पण कान जेथे वितळजोड देऊन बसवले आहेत तेथे उष्णतेने जस्त जळून गेलेले दिसते आणि नेमका तेथेच तांबूस गंज आला आहे. जोडाऐवजी रिव्हेट असते तर बरे झाले असते. दुसऱ्या बाजूने पाहता, खालच्या दांडीमुळे हा पोहरा जमिनीवर उभा राहत नाही आणि तो खुंटीला टांगावाच लागतो. जमिनीवर ठेवलेल्या पोहऱ्याच्या बुडाला लागलेली घाण पुढच्या खेपेला थेट पिण्याच्या पाण्यात जाते, त्यामुळे ही गैरसोय मी आनंदाने चालवून घेतली आहे.

विहिरीला बारमाही दीड-दोन मीटर पाणी असेल, पाणी हौदात किंवा टबात ओतायचे असेल आणि कप्पी पुरेशी उंच असेल, तर हा पोहरा जरूर घ्यावा. उन्हाळ्यात तळ दिसणाऱ्या विहिरीसाठी घेऊ नये. उत्पादकाला मात्र एकच सुचवावेसे वाटते: व्यास तोच ठेवून उंची ३५ सेंटिमीटर करावी. पाणी सात लिटर मावेल, ओझे थकल्या हातांना पेलेल, जुन्या कप्पीखाली तो सहज येईल आणि ओतताना कसरत उरणार नाही. खेपा वाढतील, त्या वाढू द्याव्यात.

वॉशरचे सुटे माप बाजारात मिळाले नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर दुहेरी कापून चकतीखाली बसवले, तेव्हापासून वाळू असतानाही गळती पेल्या-दोन पेल्यांवर आली आहे. एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत मी तरीही शेजारच्या खुंटीवरचा जुना पोहराच काढतो.