ताटली उलटी करून बघायला शिकवणारं संग्रहालय

जपानी पोर्सिलेन जमवायचंय? मग पैसे घालण्याआधी आरिता या जपानी पोर्सिलेनच्या गावातलं क्युशू सिरॅमिक म्युझियम बघाच. कायमच्या दालनांना तिकीट नाही. शिबाता दांपत्यानं दिलेल्या आरिता पोर्सिलेनच्या संग्रहातल्या निवडक वस्तू कालक्रमानं लावल्यात, हे फार मोलाचं.

सुरुवातीच्या इमारी (आरितातच घडलेल्या, इमारी बंदरावरून नाव पडलेल्या) ताटलीच्या बुडाचं कडं व्यासाच्या जेमतेम एक तृतीयांश असतं. न भाजलेल्या भांड्यालाच झिलई देत. बुडवताना धरलेल्या बोटांचे ठसे कड्याजवळ राहून जातात, वाळूही चिकटलेली असते. पुढे कडं रुंदावलं, तेव्हा मध्यभाग भट्टीत खचू नये म्हणून मातीच्या बारीक सुळक्यांचा टेकू देऊ लागले. बुडावरचे ठिपके त्यांचेच. तो तडा नव्हे. आणि चीनच्या मिंग सम्राट चंगह्वाचं नाव दिसलं म्हणून वस्तू त्याच्या काळातली समजून हुरळू नका, आरितात ते सर्रास लिहीत.