फॉस्फेटिंगच्या टाकीचा ९ किलोवॅटचा हीटर: वापरून झाल्यावरचं माझं मत

आमचं बेळगावजवळ मच्छेला पावडर कोटिंगचं (पत्र्यावर रंगाची पावडर मारून ओव्हनमध्ये भाजायचं) छोटं युनिट आहे. उद्यमबाग, होनगा इकडच्या मशीन शॉपमधनं येणारे ब्रॅकेट, गार्ड, पॅनेलचे पत्रे आम्ही कोट करतो. सात टाक्यांची लाइन, त्यात गरम टाक्या दोनच: डिग्रीजिंगची, म्हणजे तेल-ग्रीस काढायची, आणि फॉस्फेटिंगची, म्हणजे पावडर धरावी म्हणून पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढवायची. लोकांना ओव्हन दिसतो, पावडरची गन दिसते. पण पावडर धरते की सोलते हे फॉस्फेटच्या टाकीतच ठरतं, आणि ती टाकी चालते हीटरवर. म्हणून उद्यमबागमधल्या एका वर्कशॉपकडून बनवून घेतलेल्या हीटरबद्दल सविस्तर लिहितेय. पावसाळा मध्ये गेलाय, त्यामुळे आता खात्रीनं बोलता येतं.

आधीचे हीटर आम्ही तयार मालातले आणायचो. दुकानदार एकच विचारायचा, किती किलोवॅट? ते हीटर पाण्यात बरे चालले असते. फॉस्फेटच्या टाकीत फॉस्फेटचा पांढरट गाळ सतत तयार होतो आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे हीटरच्या नळीवर, जाऊन बसतो. त्याचा थर जाड झाला की नळीतली उष्णता पाण्यात उतरतच नाही. आतली नायक्रोमची तार तापत राहते आणि शेवटी वितळते. काढलेला एक हीटर मी करवतीनं कापून बघितला. वर चुन्यासारखं कडक कवच, खाली नळी निळी-काळी पडलेली, आतली पांढरी भुकटी जळून करडी झालेली.

ह्या वर्कशॉपमध्ये गेल्यावर मालक म्हणाले, "वैनी, किती किलोवॅट ते मागनं बघू. आदी टाकीत काय आहे ते सांगा." मग त्यांनी टाकीची मापं, पाणी किती, तापमान किती हवं, गाळ किती दिवसांनी काढता, जॉब (कोट करायचा माल) टोपलीतनं सोडता की हुकावर, सगळं वहीत लिहून घेतलं. माझा विश्वास तिथंच बसला.

टाकी १५०० लिटरची. २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण ६१ युनिट वीज लागते, हा साधा हिशेब आहे. त्यांनी ९ किलोवॅटचे दोन हीटर सुचवले. १८ किलोवॅटला ते काम कागदावर साडेतीन तासांच्या आतलं. वाफेतनं आणि टाकीच्या भिंतींतनं जाणारी उष्णता धरली की चार तास. आम्ही टायमर पहाटे चारला लावतो आणि आठच्या शिफ्टला टाकी तयार असते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी असते तेव्हा थोडं आधी.

खरी गोष्ट मात्र किलोवॅटची नाही, नळीच्या लांबीची आहे. जुना ९ किलोवॅटचा हीटर ११ मिलिमीटरच्या नळीचा होता आणि तापणारी नळी सगळी मिळून सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे नळीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८ वॅट. साध्या पाण्याला चालतं, गाळाच्या द्रावणाला नाही. नव्यात तेवढ्याच किलोवॅटला तीच नळी पावणेनऊ मीटरच्या जवळपास घातलीय, भार ३ वॅटवर आला. नळीचा पृष्ठभाग कमी तापतो, म्हणून त्यावर कवच सावकाश धरतं आणि धरलं तरी मऊ असतं. आमची पोरं आठवड्याला टाकी थंड असताना हीटर उचलून लाकडी पट्टीनं आणि प्लॅस्टिकच्या ब्रशनं साफ करतात. पूर्वी छिन्नी लागायची. नळी जास्त म्हणून किंमत दीडपटीच्या आसपास पडली, आणि मला ती अजिबात जास्त वाटत नाही.

नळी एसएस ३१६ एल ह्या स्टेनलेस स्टीलची. फॉस्फेटचं द्रावण आम्लधर्मी असतं, तिथं हे स्टील टिकतं. पण शेजारच्या गंज काढायच्या टाकीत हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, त्यात हा हीटर चुकूनही बुडवू नका, क्लोराइड स्टेनलेसला टोचे पाडतं. तसल्या आम्लाला टेफ्लॉनचं आवरण असलेला हीटर लागतो. आम्लानंतरचं धुणंही नीट व्हायला पाहिजे, नाहीतर जॉबबरोबर क्लोराइड फॉस्फेटच्या टाकीत येत राहतं.

हीटर टाकीच्या कडेला लटकवायचा आहे. खालचं टोक तळापासून १५० मिलिमीटर वर ठेवलंय, म्हणजे गाळात रुतत नाही. पुढे स्टेनलेसची जाळी दिलीय, टोपली आपटली तर जाळीवर आपटते. वरचा काही भाग मुद्दाम न तापणारा ठेवलाय आणि पाण्याची किमान पातळी पंचानं ठोकलीय. त्या खाली पाणी गेलं की उघडी नळी काही मिनिटांत लाल होते, म्हणून फ्लोट स्विच (पाणी खाली गेलं की वीज तोडणारा) वेगळा मागून घ्या. आमच्याकडे तो काँटॅक्टरच्या, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलशी जोडलाय.

वायरिंगबद्दल एकच, पण ते महत्त्वाचं. आतले तीन एलिमेंट २४० व्होल्टचे आहेत, जोडणी स्टारमध्ये. कुणी घाईत डेल्टा केली तर प्रत्येकावर ४१५ व्होल्ट येतात, भार तिप्पट होतो आणि हीटर त्याच दिवशी जातो. मालकांनी झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचं चित्र चिकटवून दिलंय. प्रत्येकानं असं द्यायला पाहिजे.

पावसाळ्यात झड लागली, काम कमी होतं, हीटर बंद पडून राहिला. नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल ओढते. चालू करायच्या आधी वायरमन मामांनी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर एक मेगओमच्याही खाली. तसाच चालू केला असता तर अर्थ लीकेजनं ट्रिप झाला असता, किंवा त्याहून वाईट. झाकण आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट आवळायची बूच) काढून हीटर आमच्याच ओव्हनमध्ये ११० अंशांवर रात्रभर ठेवला, सकाळी मेगर शंभराच्या वर गेला. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हीटर कोरड्या जागी उभा टांगून ठेवावा.

आता तक्रारी. टर्मिनल बॉक्स रंगवलेल्या साध्या पत्र्याचा आहे. टाकीच्या वाफेत तो गंजायला लागला, आणि केबलची ग्लँड तर अगदीच हलकी. एवढी चांगली नळी देऊन वर असला डबा का द्यावा? सोबतचा कॅपिलरी थर्मोस्टॅट पाच-सहा अंश इकडेतिकडे करतो, आम्ही तो काढून पीटी १०० हा तापमानाचा सेन्सर आणि डिजिटल कंट्रोलर बसवला. माल सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा मिळाला, आणि फोन केल्याशिवाय कुणी कळवलं नाही.

फाउंड्रीवाले काहीजण फर्नेस ऑइलच्या टाकीसाठी हाच हीटर चालेल का विचारतात. हा नाही चालणार. जाड तेल नळीवर करपून कोळसा होतं, त्याला १ वॅटच्या आसपासचा भार लागतो, म्हणजे नळी आणखी कितीतरी लांब. तसा वेगळा बनवून घ्या. आणि टाकी पाच-सात हजार लिटरची असेल तर विजेच्या नादाला न लागता गरम पाण्याचं बॉयलर आणि कॉइल बघा, बिलात फार फरक पडतो.

कोणताही हीटर घ्या, टाकीला झाकण आणि बाहेरून ग्लासवूल करा. उघड्या पाण्यावरनं वाफेत जाणारी उष्णता सगळ्यात जास्त असते. रात्री झाकण घातलं की आमची टाकी सकाळी कोमट सापडते.

डिग्रीजिंगच्या टाकीचे हीटरही ह्यांनाच सांगितलेत. बॉक्स स्टेनलेसचा, ग्लँड पितळेची, थर्मोस्टॅट नको, असं ऑर्डरवरच लिहून दिलंय.