कोतवालाच्या मागे नऊ महिने: मिररलेस बॉडी आणि २००-६०० झूमचा अनुभव

गेल्या दसऱ्याला २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम मिररलेस बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि २००-६०० मिमीची झूम लेन्स घेतली. आता जून संपत आलाय. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण तेव्हा मी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि बगळ्यांवर कॅमेरा चालवून बघत होतो, आणि पांढऱ्या पक्ष्यावर फोकस धरणं या वर्गातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला जड जात नाही. मी मात्र एवढे पैसे घातले होते ते कोतवाल पक्ष्यासाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही. काळा पक्षी उडताना टिपायचा असेल तर काय उपयोगी पडतं आणि काय पडत नाही, तेवढंच सांगायचं आहे.

आमची शेती दौंड तालुक्यात. बांधावरून गेलेल्या विजेच्या तारेवर कोतवालाची एक जोडी ठरलेली. लांबी जेमतेम ३० सेंटिमीटर, त्यातली जवळपास निम्मी शेपटी. चोचीपासून शेपटीपर्यंत काळा. डोळा गडद लालसर, पण लांबून तोही काळाच दिसतो. बसलेला असतो तोवर सोपा. किडा दिसला की तो सुटतो, हवेत गिरकी घेतो, शेपटीची कात्री उघडते, आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा तारेवर हजर. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याला त्याचं डोकं सापडायला हवं. फोकसची यंत्रणा उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती कड शोधते. काळ्या डोक्यातल्या काळ्या डोळ्याला कड आणायची कुठून?

म्हणून पक्ष्याचा डोळा ओळखण्याच्या सोयीबद्दल आधी. घार, पाणकावळा, शराटी यांच्यावर ती छान चालते. गावकावळ्यावरही, कारण त्याची मान राखाडी असते आणि काळं डोकं वेगळं उठून दिसतं. कोतवालावर पहिले दोन महिने ती जवळजवळ निकामी होती. चौकट शेपटीच्या टोकावर जायची, मागच्या तारेवर जायची, उसाच्या तुऱ्यावर जायची. मग तीन गोष्टी बदलल्या. पूर्ण फ्रेमऐवजी मधला लहान झोन घेतला. लेन्सवरचा फोकस लिमिटर १० मीटरच्या पुढे लावला, म्हणजे चुकलेला फोकस जवळच्या गवतापर्यंत हेलपाटा घालून येत नाही. आणि पक्षी क्षणभर झोनबाहेर गेला तरी बॉडीने घाईने दुसरं काही धरू नये, म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता खाली आणली. याने बराच फरक पडला.

पण खरा फरक पडला तो मी उभा राहायची जागा बदलल्यावर. मी सवयीने विहिरीच्या बाजूने उभा राहायचो, तिथून सकाळचं ऊन तिरपं समोर येतं. बांध ओलांडून पलीकडे गेलो आणि ऊन पाठीशी आलं. डोळ्यात उन्हाचा ठिपका चमकायला लागला, चोचीच्या मुळाशी कोतवालाला जो इवलासा पांढरा ठिपका असतो तो उजळला, आणि तीच बॉडी, त्याच सेटिंगवर, डोळा पकडायला लागली. पंखांवरची निळसर झाकही तेव्हाच दिसते. ती झाक रंगद्रव्याची नसते, पिसाच्या बारीक थरांवरून प्रकाश परततो त्याची असते, त्यामुळे कोन चुकला की ती गेलीच. दहा पावलं चालून जे मिळालं ते मेनूतल्या कुठल्याही पर्यायाने दिलं नव्हतं.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याचं, थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फ्रेम मी इथे घालवल्या. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्याकडे ओढतो. मागे उजळ आकाश आलं की तो फोटो काळोखा करतो आणि कोतवालाची नुसती सावली उरते. मागे गर्द आंब्याचं झाड आलं की उलटं होतं, कोतवाल राखाडी दिसतो. एका झेपेत तो आकाश, झाड आणि जमीन तिन्हींवरून जातो. एक्स्पोजर कमी-जास्त करायची प्लस-मायनसची चकती तेवढ्यात फिरवणं शक्य नाही. पण त्याच्या अंगावरचं ऊन त्या तीन सेकंदांत बदलत नाही. म्हणून सगळं मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) सुद्धा ठरलेला.

ठरवायचा कशावरून? आमच्याकडे त्याला नांगरलेली काळी जमीन आहे. सुकलेल्या ढेकळांवर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यातला उजेड मोजणारा) धरायचा आणि काटा शून्यावर आणायचा. ढेकळं मधल्या करड्याहून गडद असतात, त्यामुळे एक्स्पोजर थोडं उजळ बाजूला जातं, आणि काळ्या पिसांना नेमकं तेवढंच हवं असतं. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला १/२५००, एफ/६.३, आयएसओ १२५० च्या आसपास येतं. ऊन वर चढलं की दर वीस मिनिटांनी पुन्हा ढेकूळ. आकाश पांढरं जळालं तर जळू द्यावं.

नांगरट चालू असताना मात्र एक अडचण येते, आणि तिच्यावर मला उपाय सापडलेला नाही. ट्रॅक्टरच्या मागे कोतवाल आणि गायबगळे एकत्र येतात. कोतवालाला लावलेल्या एक्स्पोजरवर बगळ्याची पिसं पार उडतात, शिवाय बॉडीचा फोकस सारखा बगळ्याकडे पळतो. मी बगळा सोडून देतो.

उसाचं पाचट पेटवलं की धुरातून उडणारे किडे टिपायला दहा-बारा कोतवाल जमतात. बघायला फार सुंदर. पण ज्वाळेवरच्या तापल्या हवेतून कुठलीही लेन्स धारदार फोटो देत नाही, आणि फोटोसाठी पाचट जाळा असं मी कुणाला सांगणार नाही. आता कुट्टी करून रानातच ठेवणारे वाढलेत, ते चांगलंच आहे.

जानेवारीत दोनदा भिगवणला गेलो, कुंभारगावहून होडीने उजनीच्या पाण्यात. मोर शराटींचा थवा डोक्यावरून गेला की साधारणपणे पोटं काळी येतात. पाण्यावरून खालून उडाला तर लाटांवरून परतलेलं ऊन पंखांच्या खालच्या बाजूला लागतं आणि तपकिरी, जांभळा, हिरवा असे रंग उमटतात. नावाडीमामांना एवढंच म्हणालो, “मामा, ऊन पाठीशी राहील असं लावा, आणि थव्याच्या जवळ नाही गेलात तरी चालेल.” त्यांनी इंजिन बंद करून होडी लांबच ठेवली, वल्ह्याने नुसती दिशा धरली. शेजारच्या होडीतले थवा उठावा म्हणून पक्ष्यांवर होडी घालायला सांगत होते. त्याने पक्षी उडतात खरे, पण आपल्याकडे पाठ करून उडतात, आणि चरायचं सोडून उडतात. हे बंद व्हायला हवं. आम्ही अर्धा तास थांबलो. थवा आपणहून उठला आणि आमच्या बाजूने गेला.

ताम्हिणीत काळ्या गरुडाने मात्र हरवलं. तो जंगलाच्या माथ्यालगत संथ तरंगतो, आणि आपण कड्यावर असलो की तो आपल्या खाली, हिरव्यागार अंधारावर काळा. फोकस झाडांवर बसला तो उठेना. शेवटी लेन्सची रिंग हाताने फिरवून मिळाले ते चार फोटो. त्यात पिवळे पाय आणि पंखांची बोटं स्वच्छ आहेत. जुन्या डीएसएलआरवरही मी हेच केलं असतं.

इलेक्ट्रॉनिक शटर कोतवालावर वापरू नका. या बॉडीचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात पंख हलतो आणि फोटोत वाकडा येतो. काही फोटोंत शेपटीची दोन पाती एकमेकांपासून निसटल्यासारखी आली आहेत. मेकॅनिकल शटरचा वेग कमी, आवाज जास्त, पण पक्षी जसा आहे तसा येतो. तारेवरची जोडी त्या आवाजाला आठवड्याभरात सरावली.

फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद तशीच हाती राहते. एक्स्पोजर बरोबर असेल तर सावल्या एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) उचलल्यावर पिसं मोकळी होतात. तीन स्टॉप उचलाव्या लागल्या तर काळ्यात जांभळट डाग येतात, आणि नॉइज घालवणारं सॉफ्टवेअर डागांबरोबर पिसंही पुसतं. लॅपटॉपच्या झगझगीत पडद्यावर मी आधी कोतवाल जास्तच उजळवत होतो. १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढली तेव्हा तो धुतलेल्या पाटीसारखा राखाडी दिसला. आता काळा काळाच ठेवतो, फक्त पंखाच्या कडेला पिसं मोजता आली पाहिजेत.

वजन बॉडीसकट पावणेतीन किलोच्या घरात. पहिला महिना खांदा दुखला. तिपाईवर कोतवाल मिळत नाही, तो वळतो तेवढं तिपाईचं डोकं वळत नाही. मी गुडघ्यावर कोपर टेकवून बसतो. काळे पक्षी हा तुमचा विषय नसेल तर याहून हलकं आणि स्वस्त काहीही चालेल. मला ही बॉडी आणि लेन्सची जोडी ठेवायची आहे. विहिरीजवळच्या बाभळीवर कोतवालाचं घरटं आहे, आणि गेल्या आठवड्यात जोडीतल्या एकाने घारीच्या पाठीवर बसून तिला पार ओढ्यापर्यंत हाकललं. ढगाळ आकाश, ढेकळं ओली, अंदाजानेच दोन स्टॉप वर लावलेले. सतरा फ्रेम आल्या. चारमध्ये दोघांचेही डोळे दिसतात.