स्मार्टवॉच, १२० प्रश्नांची चाचणी आणि भिंतीवरचं कालनिर्णय: पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी दोन गोष्टी एकदमच वापरायला घेतल्या. एक, हृदयाचे ठोके, झोप आणि ताण मोजणारं स्मार्टवॉच. दुसरी, नेटवर फुकट मिळणारी १२० प्रश्नांची व्यक्तिमत्त्व चाचणी. तुम्ही कसे आहात हे आम्ही सांगतो, असं दोन्हींचं म्हणणं. आता उन्हाळा लागलाय, दोन्ही चांगल्या वापरून झाल्यात, म्हणून सविस्तर लिहितेय. घड्याळाच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जे लिहिणार आहे ते त्या किमतीतल्या बहुतेक घड्याळांना लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. नुसतं घड्याळ किंवा नुसती चाचणी घेतली तर महिनाभरात कंटाळा येतो. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि त्यात घरच्या माणसाचं मत घातलं, तर जे हाती लागतं ते फार मोलाचं आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, ऑफिस ऐरोलीला. जायला ठाणे-वाशी लोकल. ऑफिसात मागे एक ट्रेनिंग झालं, त्यात सगळ्यांना एक प्रश्नावली भरायला लावली आणि प्रत्येकाला चार अक्षरी प्रकार दिला. दुसऱ्या दिवसापासून लोक एकमेकांना त्या अक्षरांनी ओळखू लागले. "ती इंट्रोव्हर्ट आहे, तिला क्लायंटसमोर नको" हे वाक्य मी एका मीटिंगमध्ये कानांनी ऐकलं, आणि ज्या मुलीबद्दल ते होतं ती उत्तम बोलते. तिथून मी या विषयात शिरले.

ही चार अक्षरांची पद्धत म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ती तयार केली. दोघींनी त्यासाठी वर्षानुवर्षं कष्ट घेतले, त्याबद्दल मला आदर आहे. यात प्रत्येक अक्षर म्हणजे एका पट्टीची ही किंवा ती बाजू. अडचण आहे ती पट्टीच्या मधोमध मारलेल्या रेघेची. बहुतेक माणसं बहिर्मुख-अंतर्मुख या पट्टीवर मधल्या भागातच कुठेतरी असतात, पण निकाल देताना त्यांना या किंवा त्या बाजूला ढकललं जातं. ३४ मार्कांना नापास आणि ३५ ला पास, तसंच हे. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की रेघेजवळच्या माणसाचं अक्षर बदलतं आणि तो म्हणतो, मी बदललो. बदललेलं काहीच नसतं. शिवाय माणसं निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नका, असं ती चालवणारी मंडळी स्वतःच सांगतात. आपल्याकडे ते ऐकणारं कोणी दिसत नाही.

म्हणून मी व्यक्तिमत्त्व मोजायच्या दुसऱ्या पद्धतीकडे, बिग फाइव्हकडे वळले. यात प्रकार नाहीत, पाच पट्ट्या आहेत: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. प्रत्येक पट्टीखाली सहा उपपट्ट्या, म्हणजे एकूण तीस. लुईस गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञाने प्रश्नांचा एक मोठा साठा सगळ्यांसाठी खुला करून ठेवला, त्यातूनच जॉन जॉन्सन यांनी १२० प्रश्नांची ही आवृत्ती बांधली. ती वापरायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. ग्राहकांसाठीच्या तंत्रज्ञानात नवं काय, असं कोणी विचारलं तर मी आधी या चाचणीचं नाव घेईन. उत्तम दर्जाचं मोजमाप फुकट वाटून टाकणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न साधे आहेत. मी काळजी करते. मी सहज मैत्री करते. माझी कल्पनाशक्ती जिवंत आहे. माझा लोकांवर विश्वास असतो. मी हाती घेतलेलं काम तडीस नेते. प्रत्येकाला पाच पर्याय, अगदी चूक ते अगदी बरोबर. अर्ध्या तासाच्या आत होतं. निकाल शांतपणे वाचावा, कारण "तुम्ही वरून खंबीर, आतून हळवे" असलं वाक्य कोणालाही पटतं. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि नंतर सगळ्यांच्या हातात एकच वर्णन ठेवलं. ते आपल्याला किती लागू पडतं याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पाच पट्ट्यांच्या निकालात असं गुळमुळीत कमी असतं. काटेकोरपणाच्या पट्टीखाली नीटनेटकेपणा कमी आणि जबाबदारीची जाणीव जास्त, असं सुटं सुटं दिसतं, आणि ते आवडलं नाही तरी टाळता येत नाही.

एक उणीव मात्र आहे. "मला मोठ्या पार्ट्या आवडतात" या प्रश्नाशी माझ्या आई अडखळल्या. (आई म्हणजे माझ्या सासूबाई.) मी प्रश्न मराठीत वाचून दाखवत होते, त्या उत्तर सांगत होत्या. पार्ट्या म्हटल्यावर त्यांनी ठाम "अजिबात नाही" म्हटलं. याच आई भजनी मंडळाच्या दोन गटांत आहेत, हळदीकुंकवाला चाळीस बायका घरात असल्या तर त्यांचा चेहरा फुलतो. प्रश्न जिथे तयार झाले तिथलं जगणं त्यांच्यात उतरलंय. गुणांची तुलनाही ज्या लोकांशी होते त्यांत अमेरिकी माणसांचा भरणा मोठा आहे. त्यामुळे टक्केवारीचा आकडा फार मनावर घेऊ नये. आपल्याच तीस उपपट्ट्यांमध्ये कोणती उंच आणि कोणती बुटकी, एवढं बघावं.

आता घड्याळ. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं-घटतं, त्यावरून परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि ठोके मोजले जातात. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्यावरून "ताण" काढतात. बसल्या-बसल्या ठोके बरोबर येतात, हे मी बोटावरच्या ऑक्सिमीटरशी ताडून पाहिलंय. लोकलमध्ये दांड्याला लटकलं की, किंवा घामाने पट्टा सरकला की, आकडे भरकटतात. पावसाळ्यात पट्ट्याखाली पुरळ उठलं, तेव्हा सिलिकॉनचा काढून कापडी घातला. बॅटरी सुरुवातीला आठवडाभर जायची, आता चार दिवसांनी चार्जर शोधावा लागतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "सॉफ्टवेअर अपडेट करा मॅडम", एवढंच.

झोपेबद्दल सावध राहावं. झोपेच्या अवस्था नीट ओळखायच्या तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. घड्याळाला फक्त हालचाल आणि ठोके कळतात, बाकी अंदाज असतो. दुपारी पडून दिवाळी अंक वाचत होते, त्याची त्याने झोप म्हणून नोंद केली. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, एवढं धरावं. "गाढ झोप" कमी दिसली म्हणून सकाळ खराब करून घेऊ नये.

या क्षेत्रातल्या कंपन्यांनी काम केलंय ते खरं. २०१८ मध्ये ॲपलने घड्याळात ईसीजी आणला, २०२० मध्ये फिटबिटने त्वचेवरच्या सूक्ष्म घामाचा सेन्सर आणला, बंगळुरूच्या अल्ट्राह्युमनने ठोके आणि झोप मोजणं अंगठीत बसवलं. सेन्सर दरवर्षी सुधारतोय. पण ज्याला माणूस कळणं म्हणतात तिथे अजून एकच गुण दाखवतात, शंभरपैकी बासष्ट वगैरे, आणि खाली सल्ला: आज विश्रांती घ्या. गणपतीत आमच्याकडे रात्री उशिरा आरत्या, मग अकराला जेवणं. सकाळी घड्याळ म्हणालं, शरीर थकलंय. उशिरा भरपेट जेवलं की दोन ठोक्यांमधलं अंतर कमी बदलतं आणि घड्याळ त्याला थकवा समजतं, तेवढंच ते होतं. मी स्वतः वर्षातल्या सर्वात आनंदी आठवड्यात होते. आकड्यामागचं कारण घड्याळाला कळत नाही, आणि जोवर ते कळत नाही तोवर त्याने मला उपदेश करू नये असं मला वाटतं.

कारणासाठी मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापरलं. ज्या चौकोनात दूध आणि इस्त्रीचा हिशेब असतो तिथेच पेन्सिलीने दोन शब्द: "रिव्ह्यू कॉल", "आईंचं बीपी", "मिनू उशिरा". (मिनू म्हणजे माझी मुलगी.) आयफोनमध्ये २०२३ पासून मनःस्थिती नोंदवायची सोय आहे, आणि ती नोंदवल्यावर कशामुळे तेही निवडता येतं, काम, कुटुंब, हवामान असं. नवऱ्याच्या फोनवर मी ती पाहिली. कंपन्यांनी केलेल्या सगळ्या नव्या गोष्टींत मला ही छोटी गोष्ट सर्वात शहाणी वाटते, कारण ती माणसाला उत्तर न देता प्रश्न विचारते. मला भिंतीवर लिहिणं सोयीचं पडतं, एवढाच फरक.

दसऱ्याच्या सुमारास तेच १२० प्रश्न मी नवऱ्याला आणि धाकट्या बहिणीला दिले, पण माझ्याबद्दल भरायला. अशी दुसऱ्याकडून भरून घेण्याची पद्धत संशोधनातही वापरतात. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये यावर मांडणी केली: आतली काळजी, बेचैनी माणसाची त्याला स्वतःला जास्त कळते, आणि बुद्धी, कल्पकता यांसारख्या गोष्टी, जिथे आपला आपल्याबद्दलचा अभिमान किंवा संकोच आड येतो, तिथे जवळची माणसं जास्त बरोबर ठरतात.

आमच्याकडे अगदी तसंच निघालं. "मी काळजी करते" याला मी पाचपैकी पाच दिले होते. नवऱ्याने दोन, बहिणीने एक. बहीण म्हणाली, "ताई, तू आणि काळजी? घरात कोणाला काही झालं की आम्ही सगळे तुझ्याकडे बघतो." त्या रात्री मी घड्याळाचे आलेख आणि कालनिर्णय दोन्ही टेबलावर ठेवले. मिनूचा क्लास घोडबंदर रोडला, सुटून घरी यायला कापूरबावडीच्या जाममध्ये किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. ज्या ज्या दिवशी "मिनू उशिरा" लिहिलं होतं, त्या रात्री ती घरी आल्यानंतरही दोन-दोन तास माझे ठोके खाली आले नव्हते. मी सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते, शांत, सगळ्यांना दिसत होते तशी. उलट ऐरोलीच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये, जिथे सगळे म्हणतात किती त्रास, तिथे दरवाजातून आत शिरून जागा मिळाल्यावर आलेख सपाट. नवरा बराच वेळ तो कागद बघत होता. मग म्हणाला, "तू हे बोलत का नाहीस?" मिनूला क्लासहून आणायला आता तो जातो. तिघांची तीन उत्तरं समोर नसती तर हे आमच्यात बोललं गेलं नसतं.

कल्पनाशक्तीच्या प्रश्नाला मी तीन दिले होते, त्या दोघांनी पाच. बहिणीने लहानपणी मी रचून सांगितलेल्या गोष्टींची यादीच म्हणून दाखवली. सोसायटीच्या पुढच्या गणपतीसाठी मुलांचं नाटुकलं लिहायला कोणी मिळत नव्हतं, ते मी घेतलंय. पहिला प्रवेश लिहून झालाय.

एक इशारा जरूर देते. फुकट चाचण्यांची ॲप्स खूप आहेत. मी उघडलेल्या एका ॲपने आधी मोबाइल नंबर, मग कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली आणि शेवटी "पूर्ण रिपोर्ट"साठी पैसे. मी ते तिथेच काढून टाकलं. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता गेली, ते प्रकरण अशाच एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमधून सुरू झालं होतं. फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं, की जगभरात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असू शकते. भारतात ते ॲप घेणारे होते फक्त ३३५, पण त्यांच्या मित्रयाद्यांमुळे आकडा ५,६२,४५५ वर गेला. म्हणजे आपण चाचणी दिली की आपल्या ओळखीच्यांचीही माहिती पणाला लागते. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तरी खबरदारी आपणच घ्यायची. नाव, नंबर, ईमेल न मागता निकाल दाखवणारी चाचणीच द्या आणि निकाल स्वतःकडे उतरवून ठेवा. दुसऱ्याकडून भरून घ्यायची असेल तर त्याला आधी विचारा, आणि ऑफिसातल्या माणसाला देऊ नका.

घड्याळ घ्यायचं असेल तर गुण आणि सल्ले किती रंगीत आहेत ते बघू नका. तासागणिक ठोक्यांचा आलेख मागचे महिने उघडून बघता येतो का आणि तो डेटा बाहेर काढता येतो का, हे दुकानातच विचारा. ठाण्यात गोखले रोडवर दोन दुकानांत मी विचारलं, एकाच ठिकाणी मुलाने खरोखर ॲप उघडून दाखवलं, तिथूनच घेतलं. ईसीजीसाठी जास्त पैसे मोजायचे की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. त्या ईसीजीला ठोक्यांची अनियमितता दिसू शकते, हृदयविकाराचा झटका तो ओळखत नाही, आणि छातीत दुखत असेल तर घड्याळ बघत बसू नये. मन सतत खाली असेल, झोप उडाली असेल, तर या चाचण्यांच्या नादी न लागता सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं.

माझ्या घड्याळाला मी पाचपैकी तीन देते, चाचणीला चार. चाचणी पुन्हा येत्या दसऱ्याला, तिघांनी. मिनू बारावीनंतर भरते म्हणालीय. तिचा निकाल ती दाखवेल त्यालाच दिसेल, असं आमचं ठरलंय.