बिडाचं १० इंची पॅन: कॉबलर झकास, पण पहिल्याच दिवशी करू नका
पीचसाठी प्रसिद्ध जॉर्जियातल्या अटलांटात राहून घरी पीच कॉबलर (फळांवर पीठ घालून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ) करत नाही म्हणजे काय, असं शेजारणीने ऐकवल्यावर हे पॅन मागवलं. खोक्यावर 'प्री-सीझन्ड' (म्हणजे तेलाचा थर आधीच भाजून बसवलेलं) लिहिलंय म्हणून धुतलं आणि थेट पीच टाकले, झाली फजिती! कडेचा रस काळपट आणि प्रत्येक घासाला लोखंडाची चव. आंबट फळ कोऱ्या बिडावर गेलं की हे होणारच, आपली आजी नव्या बिडाच्या तव्यावर आधी दिवसचे दिवस तेल-कांदा फिरवायची ते काय उगीच? मग मीही तेलाचा पातळ हात देऊन ओव्हनमध्ये तासभर, असं तीनदा केलं.

आता मात्र विचारू नका. एक स्टिक (साधारण ११३ ग्रॅम) बटर पॅनमध्येच ओव्हनला वितळवायचं, त्यावर एकेक कप मैदा, दूध आणि साखर (मी पाऊणच घेते, पीच गोड असतात), दोन छोटे चमचे बेकिंग पावडर असं भज्यांपेक्षा सैल पीठ ओतायचं, वरून पीचच्या फोडी आणि अज्जिबात ढवळायचं नाही. ३५० फॅरनहाइटला ४५-५० मिनिटं. पीठ आपोआप फोडींच्या वर फुगून येतं आणि कडा अनारशासारख्या कुरकुरीत, काचेच्या भांड्यात हे कधीच जमलं नव्हतं.

वजन मात्र बेक्कार, भरलेलं एका हाताने उचलत नाही आणि हँडल जाम तापतं. उरलेलं रात्रभर त्यातच ठेवू नका, परत तीच चव येते. चार स्टार, एक मनगटाचा कापला.